पार्टी फुटली तर फुटू द्या

लगीनसराईच्या तोंडावर आमच्या यवतमाळकडच्या भागात एक बातमी हमखास फिरते: अमक्या गावची बेंजो पार्टी फुटली. फुलसावंगी, महागाव, उमरखेड, पुसद, नाहीतर पैनगंगेपलीकडचं माहूर, कुठल्याही पानठेल्यावर ही बातमी सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली आलेला असतो, घरातली वाटणी सांगावी तसा. बेंजोवाला निघाला, जाताना ताशावाल्यालाही घेऊन गेला, आता स्वतःची गाडी बांधतो म्हणे. ऐकणारे चुकचुकतात. ‘त्याले नाव कोनं देल्लं? पार्टीनंच ना?’ असं कुणीतरी बोलतं आणि न्यायनिवाडा तिथेच उरकतो. निघालेला कृतघ्न, राहिलेले बिचारे.

मला हा निवाडा मान्य नाही. गट फुटणं हा संगीताच्या वाढीचा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. आपल्या नाटक मंडळ्यांपासून विलायतेतल्या रॉक बँडपर्यंत सगळीकडे हेच घडलेलं दिसतं. खरा घोटाळा फुटीनंतर सुरू होतो. निघालेल्या वादकाला जुनं नाव सोडवत नाही आणि ऐकणारे त्याला जुन्या गाण्यांतून सुटू देत नाहीत. या दोन गाठी सुटल्या तर पंचक्रोशीला एकाच्या जागी दोन पार्ट्या मिळतात. नाही सुटल्या तर एकाच पार्टीच्या दोन नकला गावोगाव हिंडत राहतात.

आता बेंजोच्या शेजारी हार्ड रॉक ठेवलं की शहरातले लोक हसतील. हसू द्या. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बटणं दाबून वाजवायचं तंतुवाद्य मुळात जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ‘तायशोगोतो’ तयार केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं आणि वरातीत शिरून बेंजो झालं. पुढे त्याला पिकअप लागला, वायर ॲम्प्लिफायरला गेली, जनरेटर सुरू झाला, भोंगे चढले. आवाज वाढवता वाढवता फाटू लागला आणि त्या फाटण्याचीच लोकांना चटक लागली. लंडनमध्ये १९६२ पासून जिम मार्शल यांच्या दुकानातून जे ॲम्प्लिफायर बाहेर पडू लागले, त्यांच्यावर तिकडच्या गिटारवाल्यांनी हाच उद्योग केला. यंत्राला झेपेल त्यापलीकडे आवाज चढवायचा आणि तो चिरकला की त्या चिरकण्यातूनच सूर काढायचा. चढवलेली गिटार, जड ठेका आणि वरच्या पट्टीत ओरडणारा गायक, हा हार्ड रॉकचा सगळा संसार. संदलमध्ये किंवा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भोंग्यांच्या समोर पाच मिनिटं उभा राहिलेला आमच्याकडचा पोरगा हे समजावून सांगायची वाट पाहत नाही. त्याच्या छातीत ते आधीच बसलेलं असतं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुख यांना घेऊन ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा काढला तो याच वाजवणाऱ्यांवर. सिनेमा बेताचा होता, पण रस्त्यावरच्या बेंजोत रॉक दडलेला आहे ही त्यामागची जाण पक्की होती.

हार्ड रॉकचा इतिहास लिहायला बसलं तर तो बराचसा निघून गेलेल्या गिटारवाल्यांचाच इतिहास होतो. यार्डबर्ड्स हा १९६० च्या दशकातला नावाजलेला इंग्रज गट. एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज या तिघांनी त्यात पाठोपाठ गिटार वाजवली आणि तिघांनीही पुढे आपापले गट काढले. पेजची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. १९६८ च्या जुलैत यार्डबर्ड्स मोडला, पण स्कँडिनेव्हियातले काही कार्यक्रम आधीच ठरले होते. इसार घेतलेला, आता माघार कशी घ्यायची, हा आपल्याकडचा पेच तिकडेही होता. पेजनं रॉबर्ट प्लँट, जॉन बॉनम आणि जॉन पॉल जोन्स असे तीन नवे गडी जमवले आणि सप्टेंबरमध्ये जुन्या नावाखालीच ते कार्यक्रम उरकले. मग जुन्या गटातल्या ख्रिस ड्रेयानं वकिलामार्फत बजावलं की हे नाव यापुढे वापरायचं नाही. नाव गेलं. दुसरं शोधावं लागलं, ते निघालं लेड झेपेलिन. १९६९ च्या जानेवारीत पहिला अल्बम आला आणि पुढची दहा-अकरा वर्षं हार्ड रॉकचं माप या गटावरून घेतलं गेलं. ज्या ड्रेयानं नाव अडवलं, त्यानंच काढलेला फोटो त्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूला छापला आहे. भांडण नावापुरतं होतं आणि ते नावापाशीच थांबलं.

मला तर वाटतं, ड्रेयाची ती नोटीस म्हणजे पेजवर झालेला उपकारच. ‘न्यू यार्डबर्ड्स’ अशी पाटी लावून तो हिंडला असता तर लोकांनी यार्डबर्ड्सची गाणी मागितली असती आणि त्यानं ती वाजवली असती. हात तोच, गडीही तेच, पण पाटीनं त्यांना जुन्या खुंटीला बांधून ठेवलं असतं. अर्थात पेजही काही रिकाम्या हातानं निघाला नव्हता. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे यार्डबर्ड्समध्ये वाजणारं गाणं त्यानं नव्या गटात नेलं आणि अल्बमवर श्रेय एकट्याचं छापलं. गाणं मुळात जेक होम्सचं. त्यानं २०१० साली दावा लावला आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. निघताना कुणाचं काय उचललं याचा हिशेब चाळीस वर्षांनीही दारात येऊन उभा राहतो, तो असा.

हाच पेज १९७२ च्या ऑक्टोबरात प्लँटला घेऊन मुंबईत आला होता. एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना बसवून दोघांनी आपली ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्येही दोघं वाजवून गेले. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ऐकून पाहा. व्हायोलिनवाले, तबलजी आणि इंग्रज गिटारवाला एकमेकांचा अंदाज घेताहेत, ठेका मध्येच सैल पडतो, पुन्हा जुळतो. जुन्या गटाच्या पुण्याईवर जगणारा माणूस असल्या भानगडीत पडत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईनं डोळ्यांनी पाहिलेली आहे, तीन अंकांत.

गन्स अँड रोझेस हा अमेरिकी गट. १९८७ सालचा त्यांचा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा अल्बम जगभर तीन कोटींच्या आसपास खपला. ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’च्या सुरुवातीला जी गिटार वाजते ती स्लॅशची, आणि त्या पहिल्या काही सेकंदांवर गाणं ओळखणारी माणसं यवतमाळातही सापडतील. १९९६ मध्ये स्लॅश गटातून बाहेर पडला. नाव राहिलं गायक ॲक्सल रोझकडे. स्लॅशनं जुन्या गटात असतानाच ‘स्नेकपिट’ नावाचा स्वतःचा गट काढला होता, पुढे जुन्या गटातल्याच डफ मकेगन आणि मॅट सोरम यांना घेऊन ‘व्हेल्वेट रिव्हॉल्व्हर’. या दुसऱ्या गटाचा ‘कॉन्ट्राबँड’ २००४ साली अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला, ‘स्लिदर’ या गाण्याला ग्रॅमी मिळालं. आणखी एक अल्बम काढून तोही गट विस्कटला. मग स्लॅशनं माइल्स केनेडी हा गायक गाठला आणि तिसरी मांडणी केली.

मुंबईत पहिला अंक झाला ९ डिसेंबर २०१२ ला. गन्स अँड रोझेस आले, पण स्लॅशविना. गिटारला तेव्हा तिघे जण होते. एकाची जागा तिघांनी भरायची, हेच काय ते सांगून जातं. दुसरा अंक नोव्हेंबर २०१५ चा: स्लॅश आला, स्वतःचा गट घेऊन, ॲक्सलविना. तिसरा १७ मे २०२५ ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, ॲक्सल, स्लॅश आणि डफ एका मंचावर. मधल्या काळात, २०१६ मध्ये, त्यांचं मनोमीलन झालं होतं. पुन्हा एकत्र येणार का, असं कुणीतरी विचारल्यावर ‘या जन्मात तरी नाही’ असं ॲक्सल २०१२ साली म्हणाला होता. त्याच शब्दांचं नाव मनोमीलनाच्या दौऱ्याला दिलं आणि त्या दौऱ्यानं ५८ कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. बोललेला शब्द फिरवणं इतकं फायद्याचं राजकारणात सोडलं तर क्वचितच ठरतं.

या तीन अंकांत रसिक कुठे खूश झाला हे सांगायला ज्योतिषी नको. तिसऱ्या अंकात. आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. एकत्र आल्यापासून या मंडळींनी पुरा नवा अल्बम दिलेला नाही, सुटी गाणी तेवढी दिली आहेत. लोक जुनं ऐकायला जातात, तेही जुनं वाजवतात. स्लॅशनं वीस वर्षं स्वतःच्या हिमतीवर जे केलं, त्यात ‘कॉन्ट्राबँड’सारखी सणसणीत गोष्ट आहे, तिची आठवण काढणारे किती? त्याच्या स्वतःच्या गटाच्या कार्यक्रमांतही जुन्या गटाची गाणी ठेवावी लागत. तो गावोगाव फिरला, नवं लिहीत राहिला आणि श्रोता प्रत्येक वेळी त्याला १९८७ मध्ये परत पाठवत राहिला.

यावर उलट बाजूनं एक वजनदार मुद्दा येतो, तो टाळता येणार नाही. गट म्हणजे चार-पाच माणसांची बेरीज नव्हे. ॲक्सलचं तिरसट गाणं आणि स्लॅशची आळसावलेली गिटार एकमेकांवर घासली तेव्हा ठिणगी पडली. दोघं वेगळे झाल्यावर दोघांकडेही ती राहिली नाही. स्लॅशच्या पुढच्या कुठल्याही गटाला ‘ॲपेटाइट’ची उंची गाठता आली नाही आणि ॲक्सलला ‘चायनीज डेमॉक्रसी’ बाहेर काढायला २००८ उजाडलं. हे सगळं खरं आहे. पण ही घासाघीस काही कायमची टिकत नाही. माणसं तीस-पस्तीशीला येतात, पैसा येतो, बायकापोरं येतात, वकील येतात. एकत्र राहूनही ठिणगी विझतेच. मग फक्त नावासाठी एका गाडीत बसून राहायचं की उतरून चालायला लागायचं, एवढाच सवाल उरतो. उतरणारा पडेलही. पण पडण्याची मुभा त्याला असली पाहिजे.

आणि कधीकधी उतरणाऱ्यांमुळेच पुढची वाट तयार होते. यासाठी लंडन-लॉस एंजलिसला जायची गरज नाही. मराठी माणसाला हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं, मधल्या काळात तो विसरला.

अण्णासाहेब किर्लोस्करांची मंडळी १८८० सालची. तिच्यात १९०५ मध्ये बालगंधर्व आले. १९११ साली खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे पेटीवाले. पेटीवाला म्हणजे साथीला बसणारा, प्रेक्षक ज्याच्याकडे बघत नाही असा. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि हे पेटीवाले टेंबे असे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. महाराष्ट्रातल्या सगळ्यात नामांकित गटातला नामांकित गायक, नामांकित नट आणि नामांकित वादक एकदम गेले. पार्टी फुटली म्हणजे किती फुटली!

पुढचं पाहा. गंधर्व मंडळींनी १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आणलं, १९१९ मध्ये ‘एकच प्याला’. नवी नाटकं, नव्या चाली. इकडे किर्लोस्कर मंडळीत मोठी जागा रिकामी झाली आणि १९१४ मध्ये तिथे एक कोवळा मुलगा दाखल झाला, दीनानाथ मंगेशकर. बालगंधर्व तिथेच राहिले असते तर त्या मुलाला उभं राहायला जागा कुठून मिळाली असती? आणि हेच दीनानाथ १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढतात. एका फुटीतून दुसरी. तिकडे केशवराव भोसल्यांनी स्वदेशहितचिंतक मंडळी सोडून १९०८ मध्येच ‘ललितकलादर्श’ काढली होती. दहा-बारा वर्षांत मराठी माणसाला तीन-तीन मातब्बर मंडळ्या मिळाल्या, त्या सगळ्या कुणी ना कुणी कुठून तरी निघाला म्हणून.

यातला टेंब्यांचा प्रवास मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. ते गंधर्व मंडळीतही फार काळ रमले नाहीत. तिथून निघून त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. ती बालगंधर्वांच्या मंडळीइतकी गाजली नाही. मग १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट आला, त्याचं संगीत कुणाचं? टेंब्यांचंच. साथीला बसणारा माणूस तीनदा घर सोडतो आणि दर वेळी नव्या जागी नवी चाल बांधतो. ‘मानापमानवाले टेंबे’ एवढ्या ओळखीवर त्यांना सहज म्हातारं होता आलं असतं.

मग जुनी गाणी वाजवूच नयेत का? तसं मी म्हणत नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. म्हणजे नाटक मूळ किर्लोस्करांचं आणि करणाऱ्या दोन्ही मंडळ्या दुसऱ्याच. पण त्या रात्री कुणी किर्लोस्करांची पाटी लावून तिकिटं विकली नाहीत. दोन मंडळ्या आपापल्या नावानं उभ्या होत्या आणि तेवढ्या एका प्रयोगापुरत्या एकत्र आल्या. पुढे तीन महिन्यांत केशवराव गेले. त्यांची ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर भालचंद्र पेंढारकरांनी चालवली, ती शंभरी गाठेपर्यंत. मनोमीलन करायचं तर असं करावं.

तमाशातही हेच. तुकाराम खेडकर गेल्यावर कांताबाई सातारकरांनी आपला फड उभा केला. फड फुटणं, नवा फड बांधणं, राहुट्या नव्या, बोर्ड नवा, हे तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे आणि त्यावाचून तमाशा इतकी वर्षं तगलाच नसता. मुंबईच्या इंग्रजी रॉकमध्येही एक देखणं उदाहरण आहे. १९८४ पासून वाजवणाऱ्या ‘रॉक मशीन’नं १९९३ मध्ये, नाव चलनात असताना, ते टाकून ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर. म्हणजे फूट न पडताही जुनं नाव टाकून देता येतं. १९९७ मध्ये तो गट विसर्जित झाल्यावर बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावानं वेगळंच काही सुरू केलं.

आता आमच्याकडे येऊ. मागच्या सीझनला एका नव्या पार्टीची गाडी जवळून पाहायला मिळाली. ट्रॉलीवर भोंग्यांच्या दोन रांगा, खाली जनरेटर, पुढच्या पत्र्यावर पेंटरनं रंगवलेली पाटी. पाटीवर सगळ्यात मोठ्या लाल अक्षरांत ज्या पार्टीतून मास्तर भांडून निघाले तिचं नाव. त्याच्या मागं बारीक अक्षरांत ‘चे माजी बेंजो मास्तर’. स्वतःच्या पार्टीचं नाव तिसऱ्या ओळीत, निम्मं हेडलाइटच्या जाळीमागं गेलेलं. बेंजोच्या बटणांवरचा रंग बोटांनी घासून उडाला होता, दोन बटणांना चिकटपट्टी. मास्तर तारा पिळत बसले होते. विचारलं, ‘मास्तर, ज्या पार्टीतून निंगाले तिचंच नाव मोठं कायले?’

तारेवरची नजर न काढता म्हणाले, ‘नाव पाहून सुपारी येते भाऊ. हात कोन पाह्यते?’

यावर मला काही बोलता आलं नाही, कारण मास्तर बाजार बरोबर ओळखून होते. माझा वाद त्यांच्याशी नाहीच. सुपारी देणारा मुलीचा बाप, मंडळाचा अध्यक्ष, जयंती समितीचा खजिनदार हे सगळे नाव पाहतात. आणि नावाची किंमत काय चढली आहे, हे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रानं पक्षांच्या बाबतीत पुरेपूर पाहिलं. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला, वर्षभरानं राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ एका गटाला. त्यातलं बरोबर-चूक ज्याचं त्यानं ठरवावं. मात्र त्यानंतर ‘फुटला’ या शब्दालाच असा वास लागला की बेंजो मास्तर निघाला तरी पानठेल्यावर त्याला गद्दार म्हणून मोकळे होतात. वाजवणाऱ्याला ही फूटपट्टी लावू नये. त्याला कुणी मतं दिलेली नसतात. तो रोजंदारीवर हात देतो, आणि हात त्याचाच असतो.

कायद्याची बाजूही गमतीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं वादकालाही कलावंत म्हणून स्वतःचा हक्क मिळाला आणि २०१२ च्या दुरुस्तीनं व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीतही वाटा आला. आमच्या पार्ट्यांत याचा पत्ता कुणाला नाही, कारण कागदच होत नाही. कुणाचे भोंगे, कुणाचा जनरेटर, कुणाची चाल, सगळं तोंडी. म्हणून फूट पडली की भांडण ठाण्यापर्यंत जातं. दुसरीकडे त्याच कायद्यानं वरातीला आणि लग्नाच्या इतर समारंभांना सूट दिली आहे: तिथे सिनेमातली गाणी वाजवली तर हक्कभंग होत नाही. सूट योग्यच आहे. गरिबाच्या वरातीत कोण परवाना मागत बसणार? पण तिचा एक परिणाम असा, की बेंजोवाल्याला स्वतःची चाल बांधायची गरजच पडत नाही. तयार गाणं फुकट मिळतं, लोक तेच मागतात. जुन्या पार्टीतही ‘झिंगाट’, नव्या पार्टीतही ‘झिंगाट’. मग दोघांत फरक उरतो तो भोंग्यांच्या संख्येचा, आणि पार्ट्या भोंगे वाढवत सुटतात. कानाचे पडदे आपले जातात.

स्वतःचं काही उभं करणाऱ्याशी आपण कसे वागतो, हे फुलसावंगीला निराळं सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये या गावाचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं, कारण वेल्डिंगचं काम करणारा इथला एक तरुण स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर बनवत होता आणि चाचणीच्या वेळी पातं तुटून लागल्यानं तो गेला. तो गेल्यावर सगळ्यांनी त्याच्या बुद्धीचं कौतुक केलं. तो जिवंत असताना जवळ उभं राहून यंत्र तपासणारा, सुरक्षेचे चार शब्द सांगणारा जाणकार किंवा संस्था त्याच्या वाट्याला आली असती तर त्या कौतुकाला अर्थ होता. जिवाची आणि ट्रॉलीच्या कर्जाची बरोबरी मी करणार नाही. पण रीत तीच आहे. नवं करणाऱ्याला आधी ‘कायले उचापत करतं’ म्हणायचं, तो बुडाला की हळहळायचं. पेजच्या मागं व्यवस्थापक होता, स्लॅशच्या मागं कंपन्या होत्या. आमच्या मास्तरांच्या मागं सोन्यावर काढलेलं कर्ज आणि घरच्यांची बोलणी आहेत. इतक्या भांडवलावर निघणाऱ्याला गद्दार म्हणायला जीभ धजते कशी?

मास्तरांनाही एक सांगणं आहे, वयाचा मान ठेवून. पाटीवरचं ते लाल अक्षर एक सीझन चालेल, दोन चालतील. तिसऱ्या वर्षी जुनी पार्टी नवा पोरगा बेंजोवर बसवेल आणि त्या नावाची सुपारी पुन्हा तिकडे जाईल. तेव्हा तुमच्याकडे तुमची म्हणून एक तरी चाल असायला हवी, जी ऐकून लोक म्हणतील की ही गाडी अमक्याचीच. होळीत बंजारा तांड्यावर लेंगी रंगते, नंगारा आणि थाळी वाजते, तो ठेका लहानपणापासून तुमच्या कानात आहे. तो बेंजोवर कुणी मन लावून चढवलेला मी अजून ऐकला नाही.

आणि सुपारी देणाऱ्यांनो, यंदा तुळशीचं लग्न झालं की तुम्ही पार्ट्यांची गाडी पाहायला निघाल. पाटी वाचून इसार देऊ नका. मास्तरांना तारा जुळवायला सांगा, भोंगे बंद ठेवून दहा मिनिटं हात ऐका. फुटून आलेला आहे म्हणून भाव पाडू नका. आणि नवरदेव घोड्यावर बसला की पहिलं गाणं तुमच्या पसंतीचं होऊ द्या, दुसरं त्यांच्या.